आधी राग माझ्यावर बसू द्या

सुभेदार, तुमच्या जागी आता एक नवा माणूस आलाय. कुठला आहे ते मी विचारलं नाही, तोही सांगत नाही. तो बोलतच नाही. ढाल मात्र चांगली धरतो. खेळातल्या ज्या गुहेनं आपल्याला वर्षभर दमवलं, ती त्यानं पहिल्याच संध्याकाळी पार करून दिली. शेवटचा तो दगडी राक्षस कोसळला तेव्हा आपली मारणारी दोन्ही मुलं, नागपूरचा आणि इंदूरचा, हेडफोनमध्ये ओरडली. हे तुम्हाला खरं तर सांगायला नको होतं. पण लढाईतलं काही तुमच्यापासून लपवायची मला सवय नाही. ते इतकं सोपं निघालं याचा मला रागच आला.

तुम्हाला जाऊन अजून फार दिवस झालेले नाहीत. तुमच्या गावात तुमच्याबद्दल बोलायला पुष्कळ माणसं होती असं कळलं. पलटणीतले आले होते, ऊसवाले आले होते, शाळेचे मास्तर बोलले म्हणे. ते सगळं बरोबरच असणार. मला जे सांगायचंय ते त्यातल्या कुणाला कळलं नसतं. तुम्ही मला एका खेळात मार खायला शिकवत होता, आणि ते शिकवणं अर्ध्यावर राहिलं, एवढंच ते आहे.

माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हापासूनची ही गोष्ट. पेढीवर जाता येत नव्हतं. हळदीच्या पेढीवर दिवसभर माणसांचा राबता असतो, त्याची सवय लागलेल्या बाईला घरात बसवलं की ती घरच्यांनाही नकोशी होते. शेवटी माझ्या मोठ्या दिरांच्या मुलीनं, पद्मजानं, तिच्या कॉम्प्युटरवर तो खेळ लावून दिला. म्हणाली, "काकी, भिंतीकडं बघत बसण्यापेक्षा हे कर. जगभरची माणसं एकत्र खेळतात." मी म्हटलं, मारामारीचं मला चालायचं नाही. आमच्याकडं हळदीच्या पोत्यात किडा निघाला तर दीर, म्हणजे अण्णा, तो कागदावर घेऊन यार्डातल्या झाडाखाली सोडून येतात. पद्मजा म्हणाली, मग हीलर हो. हीलर कुणाला मारत नाही, दुसऱ्याच्या जखमा भरतो फक्त. नावही तिनंच दिलं, हळदकाकी. मला वाटलं, अख्ख्या युद्धात पाप न लागणारी एकच खुर्ची होती आणि ती मला मिळाली.

तुमची पहिली ओळख कशी झाली ते मी तुम्हाला अनेकदा सांगितलं आणि प्रत्येक वेळी तुम्ही पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐकलंत. सगळे इंग्रजीत नाहीतर हिंदीत लिहीत होते. त्यात खाली एक ओळ आली, इंग्रजी अक्षरांतली: "लय मारत्यात, कोन हाय का?" मी एकटीच हसले. मी लिहिलं, "आहे. सांगलीची आहे." तुमचं उत्तर आलं, "आवं मग या की लवकर." मी आले तोवर तुम्ही पडला होता. तुम्ही पडल्या-पडल्या लिहिलंत, "सातारा जिल्हा. सुभेदार, रिटायर." एखाद्याची ओळख इतकी नीट मला कधी झाली नव्हती.

मग हेडफोन आले, आवाज आला. आमच्याकडं सूर्य मावळायच्या आत जेवणं उरकतात, त्यामुळे माझी संध्याकाळ मोकळी. तुमच्याकडं जेवण उशिरा. "तुमचं जेवान झालेलं, आमचं व्हायचं. मधला येळ लढाईला," असं तुम्ही ठरवून टाकलंत. खेळात तुमच्या कामाला टँक म्हणतात हे त्या इंदूरच्या मुलानं सांगितलं तेव्हा तुम्हाला ते अजिबात पटलं नाही. "टँकला पट्टे असत्यात. मी पायदळातला गडी हाय." तेव्हापासून आपल्या चौघांत टँक हा शब्द बंद झाला आणि ढाल हा शब्द सुरू झाला.

सुरुवातीला तुम्ही फार वाईट खेळायचात. हे आज सांगायला हरकत नाही, तुम्ही जिवंत असतानाही मी ते सांगतच होते. सगळी नोकरी मार चुकवण्यात गेलेली. शत्रू दिसला की तुमचा तो चिलखतातला माणूस आधी दगडाआड जायचा. आणि खेळातले बाण दगडातून आरपार येतात. "दगडाच्या आड असून लागतंय म्हंजे ही कसली लढाई?" असं तुम्ही नागपूरच्या मुलाला विचारत होता, जसा काही तो खेळ त्यानंच बनवला. पुढं जायच्या आधी टेहळणी. कुणी मागं राहिला की थांबा. लढाई संपली की गिनती, चार माणसांची. ती मुलं आधी वैतागली. पुढं पुढं गिनती झाल्याशिवाय त्यांनाच चैन पडेना.

ढालवाल्यानं लपायचं नसतं, सगळ्यांच्या समोर उभं राहून सगळ्यांचा मार एकट्यानं खायचा असतो, हे तुमच्या गळी उतरायला फार दिवस लागले. उतरलं त्या दिवशी तुम्ही पहिल्यांदा दगड सोडून समोर उभे राहिलात. मग म्हणालात, "साधं हाय की. सोपं न्हाई, पन साधं हाय."

माझी चूक वेगळी होती. लांडग्यांची ती दरी आठवतेय ना? तुम्ही पुढं गेलात, लांडगे तुमच्यावर आले, तुम्हाला पहिला चावा बसला आणि मी ताबडतोब तुमची जखम भरली. अगदी घाईनं, सगळा जीव ओतून. आणि सगळेच्या सगळे लांडगे तुम्हाला सोडून माझ्याकडं धावले. मी पडले, माझ्यामागं तुम्ही पडलात, मग ती दोघं मुलं. मला कळेच ना. मी कुणाला बोट लावलं नव्हतं. कुणाचं वाईट चिंतलं नव्हतं. माझ्यामागं लागायचं कारण काय त्यांना? मी तसं म्हटलंसुद्धा, आणि आवाज जरा चढलाच होता माझा.

तुम्ही तोवर नागपूरच्या मुलाकडून सगळं नीट समजून घेतलं होतं. मला समजावताना तुमच्या आवाजात पलटणीतल्या नव्या पोराला शिकवायचा सूर होता. या खेळात प्रत्येक शत्रूच्या मनात राग साठत जातो. ज्याच्यावर सगळ्यात जास्त राग, त्याच्यावर तो धावतो. तलवार मारली की राग वाढतो, हे कुणालाही कळतं. पण जखम भरली तरी वाढतो. "ताई, त्यांनी मला पाडायला बगायचं, आन् तुमी मला उबं करायचं. मग राग कुनावर येनार? माझ्यापरास तुमच्यावरच." मी म्हटलं, हा तर अन्याय झाला. तुम्ही म्हणालात, "अन्याव न्हाई, हिशोब हाय. मला आधी मार खाऊ द्या. राग माझ्यावर चांगला बसू द्या. मग मलम लावा. लगीच धावू नगा."

लगेच न धावणं. इतकं अवघड काम मला आयुष्यात कुणी सांगितलं नव्हतं. पडद्यावर तुमच्या जिवाची ती लाल पट्टी उतरत जायची, माझं बोट बटणावर, आणि कानात तुम्ही, "अजून नगं. अजून नगं. हां, आता." कितीदा माझं बोट आधीच पडलं आणि आपण सगळे मेलो. तुम्ही कधी रागावला नाहीत. "लय माया हाय तुमच्या बोटात, जरा कमी करा," एवढंच म्हणायचात. नंतर नंतर मला तुमच्या सांगण्याची गरज राहिली नाही. तुमचा श्वास ऐकूनच कळायचं.

वाद मात्र कायम होता. मी तुम्हाला आमच्या शास्त्रातलं सांगितलं. पाप स्वतः केलं, दुसऱ्याकडून करवलं किंवा करणाऱ्याला नुसतं बरं म्हटलं, तिन्ही सारखंच. म्हणजे मारणारी ती मुलं, त्यांना वाचवणारे तुम्ही आणि तुम्हाला उभं करणारी मी, एकाच नावेत. खेळात कुणी खरं मरत नाही, पण मनात तर आपण मारतोच, आणि कर्म मनातून लागतं. तुम्ही विचारलंत, "म्हंजे आमाला डबं करून देनाऱ्या बायकांनाबी?" मी म्हटलं, शास्त्राप्रमाणे हो. तुम्ही हळू आवाजात म्हणालात, "आमच्या मंडळींना सांगू नगा. आदीच सुट्टीवर कमी यायचो म्हनून बोलनी खाल्ल्यात."

त्या संध्याकाळी एक प्रश्न माझ्या अगदी ओठावर होता. नोकरीत तुम्ही खरोखर कुणाला मारलंत का. मी विचारला नाही. तुम्हीही, मला वाटतं, तो येतोय हे ओळखून म्हशीला पाणी पाजायच्या निमित्तानं उठलात. नंतर किती संध्याकाळी गेल्या, मी तो कधी काढला नाही. आता काढून उपयोग नाही, आणि खरं सांगायचं तर उत्तर मला नकोच होतं. तुम्ही काय केलं असेल ते असो, मला तुम्ही मार खाणारे म्हणूनच माहीत आहात.

दुसरा वाद ललकारीचा. तो अजून मिटलेला नाही, आणि आज मी लिहायला बसले ते त्याच्यामुळेच.

ढालवाल्याकडं ललकारीचं एक बटण असतं. ते दाबलं की तो नुसता ओरडतो. कुणाला जखम होत नाही, रक्ताचा थेंब सांडत नाही. पण समोरच्या सगळ्यांचा राग त्या क्षणी त्याच्याकडं वळतो, मग आधी तो कुणावर का असेना. तुम्ही नुसतं बटण दाबून थांबत नव्हता. खुर्चीत बसून खरोखर ललकारी द्यायचात. माझ्या कानाचे पडदे अजून शाबूत आहेत हेच नवल. तुमचं म्हणणं असं की ही तर तुमच्या धर्मात बसणारी लढाई आहे, तेव्हा हीलर सोडा आणि ढाल घ्या. "यात हिंसा कुटं हाय, दावा मला." मी म्हणायची, दुसऱ्याच्या मनात जाणूनबुजून क्रोध उत्पन्न करणं हीसुद्धा हिंसाच. तुम्ही म्हणायचात, "आवं, राग असतोयच आदीपास्नं. त्यो कुनावर पडायचा एवढंच ढालवाला ठरवतो." मी म्हणायची, शब्दांचा खेळ आहे हा. "लय अवगड हाय बाई तुमचं," म्हणून तुम्ही पुढच्या गुहेकडं वळायचात.

मग तुम्ही सांगलीला आलात. मिरजेला तुमच्या मंडळींचे, म्हणजे वहिनींचे, डोळे दाखवायचे होते. त्या दवाखान्यात बसल्या आणि तुम्ही विचारत विचारत मार्केट यार्डात पेढीवर. माझा गुडघा तोवर पेढीपर्यंत येण्याइतका बरा झाला होता. तुम्ही आवाजापेक्षा बुटके निघालात. मी इतकी गडबडले की अण्णांनी कोण म्हणून विचारल्यावर "ओळखीचे आहेत, साताऱ्याकडचे" एवढंच म्हणाले. अण्णांनी पलटणीची चौकशी केली, चहा मागवला. आल्यागेल्याचं ते मनापासून करतात, तेवढं त्यांचं मान्यच करायला हवं.

तेवढ्यात पद्मजा बाहेर आली, हातात मोडलेलं हळकुंड. "अण्णा, ह्या ढिगात ओल आहे. पॉलिश चकचकीत आहे, पण मोडताना कट्ट होत नाही. उद्या सौद्याला मी येऊ का?"

अण्णा तिच्याकडं न बघताच म्हणाले, "आत जा."

"पण अण्णा..."

"सौद्यात बायका उभ्या राहत नाहीत. चारचौघांत पुन्हा विचारायचं नाही. आत जा."

ती आत गेली. कॉमर्स झालेली, हळद नुसत्या वासानं ओळखणारी, लग्नाचं वय झालं म्हणून घरात दबक्या आवाजात जिची चर्चा चालते अशी मुलगी, परक्या माणसासमोर मान खाली घालून आत गेली. मी लगेच उठले, गुडघा धरून, आणि तिच्या मागं गेले. पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला, अण्णांचा स्वभाव माहीत आहे ना तुला, वगैरे वगैरे. ते मला चांगलं जमतं. लहानपणापासून तिचं असंच चाललंय, तिकडं बोलणी खायची आणि इकडं माझ्याकडं यायचं.

मी परत आले तर तुम्ही अण्णांना विचारत होता, "अन्नासाहेब, बायका का उब्या ऱ्हात न्हाईत?" अण्णांनी सांगितलं. त्यांच्या वडिलांच्या काळी भाव तोंडानं बोलत नसत. घेणारा आणि देणारा रुमालाखाली हातात हात घालून बोटं दाबत आणि त्यावर सौदा ठरे. परक्या पुरुषाच्या हातात बाई हात कशी देणार?

"बराबर हाय," तुम्ही म्हणालात. "आन् आता?"

"आता उघड बोली लागते."

"मग रुमाल गेला म्हना की."

"रुमाल गेला."

"मग?"

"मग काय? पद्धत म्हणजे पद्धत," अण्णा म्हणाले. तुम्ही चहा संपवलात आणि नमस्कार करून निघालात.

दुसऱ्या दिवशी हेडफोन लावला तर तुम्ही लढाईचं काढेचनात. "ताई, काल तुमी लगीच उटलासा." मी विचारलं, कधी? "पोरगी आत गेली तवा. मलम घिऊन." मी म्हटलं, मग काय करायला हवं होतं? तिला रडत ठेवायची? तुम्ही म्हणालात, "घाव पडल्यावर तुमी लय हुशार हाय. पन घाव पडतो तवा तुमी कुटं असता? त्यो पोरीवर पडू देता, मग भरता. त्यापरास एकदा घरात ललकारी दिऊन बगा. राग तुमच्यावर येऊ दे. तुमी सोसाल, तुमास्नी सवय हाय."

मला राग आला, सुभेदार. भयंकर आला. आमच्या पेढीवर चहाचा एक कप पिऊन तुम्ही माझं घर मला शिकवत होता. नवऱ्यामागं इतकी वर्षं त्या घरात मी भांडण होऊ न देता राहिले, ते काय उगीच? मी तुम्हाला हे सगळं बोलले नाही, नुसता हेडफोन काढून ठेवला. पुढचे काही दिवस आलेच नाही. एका संध्याकाळी आले तेव्हा तुम्ही एवढंच म्हणालात, "आलासा? चला." त्या संध्याकाळी तुम्ही इतकी वाईट ढाल धरलीत की त्या मुलांनी तुम्हाला बरं नाही का म्हणून विचारलं.

शेवटी मीच विषय काढला. म्हटलं, हंगाम सुरू होऊ दे, नवी हळद यार्डात येऊ दे, तेव्हा बघू. तुम्ही म्हणालात, "बगू न्हवं. तुमी ललकारी द्या, मी हितं बसून ऐकतो." मी हसून सोडून दिलं. हंगाम यायच्या आधीच तुम्ही गेलात.

फोन आला तो आपल्या वेळेच्या थोडा आधी. पडद्यावर तुमचं नाव. आमची जेवणं चालली होती. मी फोन उचलून तुम्हाला बोलूच दिलं नाही, "आले आले, एवढी भाकरी संपू दे," म्हणाले. पलीकडं बाईचा आवाज होता. "ताई, तुमचं सुभेदार गेलं." वहिनींनी "तुमचं" म्हटलं हे मला फोन ठेवल्यावर लक्षात आलं. मग मला रडू आलं आणि ते कुणाला समजावून सांगता येईना. अण्णांनी विचारलं कोण गेलं. मी पुन्हा म्हणाले, ओळखीचे.

गर्दी ओसरल्यावर मी तुमच्या गावी आले, पद्मजाला सोबत घेऊन. एसटीत सगळी वाट मला एकच धास्ती होती, कोण म्हणून सांगायचं? वहिनींनी दारातच ओळखलं. बोलले, तेव्हा आवाजावरून. पाणी दिलं आणि समोर बसून सरळ म्हणाल्या, "तुमच्यावर माजा लय राग हुता, ताई."

मी म्हटलं, "मी काही केलं नव्हतं हो."

"म्हाईत हाय. म्हनून तर जास्त. रोज सांजच्याला त्ये तुमच्याशी बोलायचं. म्हनलं ही कोन बया हाय? मग एक दिस त्येंनी त्ये कानातलं माज्या कानाला लावलं. तर तुमी म्हनत हुता, सुभेदार, थांबा, जखम भरते. मी म्हनलं, ही तर नर्स हाय की. मग राग गेला." आणि त्या हसल्या, हसता हसता पदरानं डोळे पुसले. तुम्ही ललकारी दिलीत की गोठ्यातली म्हैस दावं ओढायची असंही त्यांनी सांगितलं. तुमचा हेडफोन खुंटीला आहे, टोपीच्या शेजारी. तो काढायचा की ठेवायचा हे त्यांचं ठरत नाहीये. मी काही सुचवलं नाही.

निघताना त्या पद्मजाला न्याहाळत म्हणाल्या, "हीच व्हय ती सौद्याची पोर?" पद्मजानं माझ्याकडं बघितलं. मला अर्थ लागला. तुम्ही घरी बोलला होता. मी नुसतं "बघू" म्हटलेलं, आणि तुम्ही ते ठरलंय म्हणून सांगून ठेवलं होतं.

काल संध्याकाळचं आता सांगते. नवी हळद यार्डात यायला लागलीय. आज सकाळी पहिला मोठा सौदा आहे, तो अजून सुरू व्हायचाय. काल आम्ही जेवायला बसलो, ऊन अजून खिडकीत होतं. जाऊबाई वाढत होत्या. पद्मजानं ताटाकडं बघत म्हटलं, "अण्णा, उद्या मी येऊ का सौद्याला?"

अण्णांची पद्धत मला पाठ आहे. आधी हातातला घास खाली ठेवतात. मग पाणी पितात. मग बोलतात, आणि ते जे बोलतात ते पोरीच्या अंगावर महिनाभर राहतं. त्यांनी घास ठेवला. तांब्याकडं हात गेला. मागाहून तिला काय सांगून समजवायचं ते माझ्या डोक्यात एव्हाना तयारसुद्धा झालं होतं. ते मी तसंच ठेवलं.

"अण्णा," मी म्हटलं, "तिला मी पाठवतेय."

हात तांब्यावरच थांबला. "तू?"

"हो, मी. काय सांगायचंय ते मला सांगा, तिला नको. रुमाल गेल्याला किती काळ झाला ते तुम्हालाही माहीत आहे. ती उद्या तुमच्या शेजारी उभी राहणार."

माझा आवाज मला ओळखू आला नाही. मी ओरडले नव्हते, तुमच्यासारखं तर नाहीच. पण तो सगळा राग वळला, सुभेदार. मला तो वळताना दिसला. पोरीवरून उठला आणि माझ्यावर आला. तुम्ही म्हणाला होता ते खरं निघालं, तो आधीपासून होताच. अण्णांनी काय काय काढलं. माझा धाकटा भाऊ, तुझा नवरा, आज असता तर, म्हणाले. त्या कॉम्प्युटरनं हिचं डोकं फिरवलंय, म्हणाले. परक्या पुरुषांशी तासन् तास बोलणं, आणि तो एक फौजी पेढीवर येऊन मला पद्धती विचारून गेला, त्याच दिवशी ओळखायला पाहिजे होतं, म्हणाले. तुमचं नाव निघालं तेव्हा उत्तर द्यायला माझी जीभ शिवशिवली. मी दिलं नाही. ढालवाल्यानं वार परत करायचा नसतो, उभं राहायचं असतं. त्यांच्या मनात क्रोध मी उत्पन्न केला, त्याची क्षमा मी देवासमोर मागेन. तेवढा वाद अजून मी सोडलेला नाही.

मार बसतो हो. तुम्ही रोज किती खात होता ते मला काल कळलं.

अण्णांचं चाललंच होतं आणि माझे डोळे भरायला लागले. ते पद्मजाला दिसले. तिनं ताट सरकवलं, उठली, माझ्याकडं यायला निघाली. तेच तोंड, तीच घाई, माझीच शिकवलेली. खेळ तिनंच मला लावून दिला होता, म्हणून मी तिला त्याच शब्दांत सांगितलं.

"बस. इतक्यात नको येऊस. आधी राग माझ्यावर बसू दे."

ती थांबली. माझ्याकडं बघितलं, अण्णांकडं बघितलं. अण्णा माझ्याशीच बोलत होते, तिच्याकडं कुणाचंही लक्ष नव्हतं. मग ती खाली बसली, ताट जवळ ओढलं, आणि जाऊबाईंकडं दुसरी भाकरी मागितली.